राखणीची वर्षे

सैन्याची छावणी आणि रानाची राखण या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, ही कल्पना पलटणीत भरती होताना मला शिवलीही नव्हती. माहूरचा मनुष्य रानाविषयी निराळा असा विचार करीत नाही. रेणुकामातेच्या गडापासून दत्तशिखरापर्यंत आणि खाली पैनगंगेच्या वळणापर्यंत साग, मोह, तेंदू, धावडा ही झाडे त्याच्या डोळ्यांना इतकी सरावलेली असतात की, ती कुणी तरी राखली म्हणून उभी आहेत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या आजोबांच्या काळी, म्हणजे १९५६ पर्यंत, किनवट-माहूरचा हा मुलूख अदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि निजामाच्या जंगलखात्याचा नाकेदार हा वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतील एक वचक बसविणारा पुरुष होता. याहून अधिक वनरक्षण मला ठाऊक नव्हते. ते शिक्षण मिळाले ते पुढे, तोफांच्या आणि रणगाड्यांच्या सरावाच्या मैदानांवर, आणि पेन्शनीनंतर औरंगाबादच्या पर्यावरण बटालियनीत. आता गावी परतल्यावर त्या शिक्षणाचा पडताळा रोज येत आहे, म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

फायरिंग रेंज म्हणजे काय, हे सामान्य नागरिकास फारसे माहीत नसते. १९३८ साली ब्रिटिश अमदानीत झालेल्या कायद्यान्वये सरकार एखादा प्रदेश सैन्याच्या हालचालींसाठी आणि तोफांच्या सरावासाठी ठराविक मुदतीपुरता अधिसूचित करू शकते. जमिनीची मालकी अनेक ठिकाणी शेतकऱ्याकडेच राहते, परंतु ज्या दिवशी गोळाबारी असेल त्या दिवशी लाल निशाण चढते, दवंडी फिरते आणि धोक्याच्या हद्दीतील माणसांना व गुरांना बाहेर निघावे लागते. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथे १९४८ साली चिलखती दळाचे शिक्षणकेंद्र आले आणि त्या नगराच्या उशाशी असलेले के. के. रेंज हे विस्तीर्ण माळरान रणगाड्यांच्या सरावाने साऱ्या देशातील सैनिकांच्या परिचयाचे झाले. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे, राजस्थानात पोखरण आणि महाजन येथील अफाट मैदाने आहेत. माझ्या नोकरीचा बराचसा काळ अशा मैदानांवर गेला, आणि पुढे पुढे तर रेंजची देखभाल हेच माझे मुख्य काम होऊन बसले.

भाद्रपद संपता संपता अशा एखाद्या रेंजच्या हद्दीवर उभे राहिले, म्हणजे जे दिसते ते प्रथम पाहणाऱ्यास चकित करणारे असते. हद्दीच्या दगडाच्या अलीकडे मेंढरांनी आणि गुरांनी मुळापर्यंत खुरटलेला माळ, त्यात जागोजाग उघडा पडलेला मुरूम आणि वेडी बाभळीची झुडपे. आणि दगडाच्या पलीकडे मारवेल, पवन्या आणि कुसळी यांचे कमरेला लागणारे गवत, वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळणारे. त्या गवतात चिंकारा चरताना मी पाहिले आहेत, पहाटे लांडग्यांची जोडी तोंड फिरवून निवांतपणे निघून जाताना पाहिली आहे, आणि जुन्या गोळ्याने पाडलेल्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यावर पखुर्ड्यांचे थवे ठरल्या वेळी उतरतानाही पाहिले आहेत. हे सर्व सैन्याने ठरवून केले होते असे मी म्हणणार नाही. नांगर नाही, बोअर नाही, वस्ती नाही, वर्षातील बरेच दिवस चराई नाही, एवढेच तेथे घडले होते. बाकीचे गवताने आपले आपण केले.

पोखरणच्या रेंजवर माळढोक टिकून राहिला त्याचेही मूळ मला येथेच दिसते. ज्या पक्ष्याची गणना आज देशभरात हातांच्या बोटांवर करण्याची वेळ आली आहे, त्याने तोफांच्या आवाजाला सरावून घेतले. नांगरटीला आणि विजेच्या तारांना मात्र त्याला सरावता आले नाही. आपल्याकडे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठाही आल्या, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. नकाशावर ओढलेल्या एवढ्या मोठ्या रेघेच्या आत नित्य फिरणारा, जबाबदारी घेणारा मनुष्य किती ठिकाणी पुरणार? उलट रेंजच्या हद्दीवर एक नाईक आणि त्याच्या हाताखालचे चार जवान असले, तरी कुठल्या दिवशी कुठल्या वाटेने कोण आत आले हे संध्याकाळपर्यंत दप्तरात नोंदले जाई. माझ्या मते या नोंदवहीने जितके गवत वाचविले तितके कुठल्याही फलकाने वाचविलेले नाही.

परंतु या चित्राची दुसरी बाजू न सांगणे हे सत्यास सोडून होईल. रायफलीच्या सरावासाठी निशाणांच्या मागे मातीचा जो उंच बांध असतो त्यात वर्षानुवर्षे शिसे साठत जाते, आणि तो बांध पावसात धुपू दिला तर ते शिसे ओढ्याला लागू शकते. म्हणून बांधावर गवत धरविणे, पाण्याला बाजूने वाट काढून देणे आणि ठराविक काळाने माती चाळून घेणे ही कामे शोभेची नाहीत. रणगाड्याच्या पट्ट्यांखाली काळी जमीन अशी दबते की, तेथे पुढे कित्येक पावसाळे गवताचे बी रुजत नाही. आणि सर्वांत भयंकर म्हणजे न फुटलेले गोळे, ज्यांना आम्ही ‘ब्लाइंड’ म्हणतो. सराव संपला की त्यांचा शोध घेऊन ते जागच्या जागी उडवून नष्ट करण्याचा शिरस्ता कडकपणे पाळला जातो. तरीही गवतात, चिखलात एखादा राहून जातो. पितळेच्या आणि लोखंडाच्या भंगारासाठी जीव धोक्यात घालून रात्री हद्दीत शिरणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना पकडून पोलिसांच्या स्वाधीन करणे हे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही केले. मात्र त्यांतील एका पोराच्या खिशात सापडलेली रिकामी काडतुसे आणि दोन सुक्या भाकरी यांचा पंचनामा लिहिताना माझा हात जड झाला होता, हेही खरे आहे.

रेंजवरचा खरा शत्रू म्हणजे वणवा. होळीच्या सुमारास गवत वाळून कोळ झालेले असते, आणि रात्रीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या ट्रेसर गोळीचा जळता बुंधा त्यात पडला, की पाहता पाहता अर्धा डोंगर पेट घेतो. येथे एक अडचण अशी आहे की, जी नागरी वनात सहसा नसते: ज्या पट्ट्यात ब्लाइंड असण्याचा संभव, त्या पट्ट्यात आग विझवावयास माणूस पाठविता येत नाही. ती आग आतल्या आत जळू द्यावी लागते. तिला अडविते ती फक्त जाळरेषा, म्हणजे दिवाळीनंतर, गवत पुरते वाळण्याच्या आधी, कापून आणि राखणीने जाळून काढलेला मोकळा पट्टा.

मला हे काम ज्या सुभेदार साहेबांनी शिकविले ते सातारा जिल्ह्यातले, अबोल आणि करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. जाळरेषेवर गवताची एक काडी जरी उभी दिसली तरी ते स्वतः खाली बसून ती उपटीत आणि एक शब्दही न बोलता पुढे चालू लागत. त्यांच्या मागे चालणाऱ्या आम्हा सर्वांची मान खाली जाई. एका चैत्रात वारा अकस्मात फिरला आणि आगीचा लोळ हद्दीबाहेरील गावाच्या गंज्यांकडे वळला. साहेबांनी जवानांना ओळीने उभे केले, प्रत्येकाच्या हातात पळसाची हिरवी डहाळी आणि ओले गोणपाट दिले, आणि जाळरेषेच्या आतल्या कडेने समोरून उलटी आग लावावयास सांगितली. दोन आगी एकमेकींकडे सरकू लागल्या, मधल्या गवताचा एकदम मोठा आवाज झाला, आणि जेथे त्या भेटल्या तेथे दोघींनाही खावयास काही उरले नाही. आमच्या भुवया जळल्या होत्या, बुटांचे तळवे तापून सुटले होते; गंज्या वाचल्या. गावचे पाटील दुसऱ्या दिवशी ताकाच्या घागरी घेऊन आले, तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडून एवढेच मागितले की, पुढल्या वर्षी जाळरेषा काढावयास गावाने माणसे द्यावीत आणि कापलेले गवत गावानेच घेऊन जावे. त्या एका वाटाघाटीने हद्दीवरील चोरटी चराई जितकी कमी झाली, तितकी शिक्षेने कधी झाली नव्हती. माझ्या विचाराला वळण लागले ते त्या दिवसापासून.

दुसरे वळण एका छावणीत लागले. तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. वृक्षारोपणाचा मोसम होता, आणि वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे मोठ्या संख्येने रोपे लावावयाची होती. मोकळी जागा म्हणून निवडली गेली ती छावणीमागची उत्तम प्रतीच्या गवताची पठारी, जीत धाविक पक्षी दरवर्षी अंडी घालीत. त्या वेळी नव्यानेच रुजू झालेल्या एका तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना ती जागा पहाटे स्वतः फिरवून दाखविली, आणि लेखी कळविले की, हे गवत हेच येथील वन आहे, झाडे ओढ्याकाठी आणि वसाहतीत लावावीत. वरिष्ठांनी ते मान्य केले. मोकळी दिसणारी जमीन ओसाड असतेच असे नाही, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते. आमच्या महसुली भाषेत तर माळाला पडीक म्हणण्याचीच रीत, आणि पडीक म्हटले की, कुणीही उठून काहीही करावे.

पेन्शनीनंतर पर्यावरण बटालियनीत जाण्याचा योग आला. प्रादेशिक सेनेच्या या पलटणींचा इतिहास महाराष्ट्रात फारसा परिचित नाही. चुनखडीच्या खाणींनी पोखरून टाकलेल्या मसुरीच्या डोंगरांसाठी १९८२ च्या डिसेंबरात देहरादूनला गढवाल रायफल्सशी संलग्न अशी १२७ वी बटालियन उभी राहिली. पाठोपाठ राजस्थानात कालव्याकाठी वाळू अडविण्यासाठी १२८ वी, आणि मग जम्मू, कुमाऊँ, दिल्ली, हिमाचल, आसाम अशी ही परंपरा वाढत गेली. माजी सैनिकांना पुन्हा गणवेशात घेऊन त्यांच्या अंगची शिस्त आणि चिकाटी झाडांच्या कामी लावावयाची, अशी त्यामागील योजना. मराठवाड्यासाठी २०१७ साली महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी बटालियन औरंगाबादला स्थापन झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तिने पाच लाख लिटर पाणी पोचविले. ज्या लातूर जिल्ह्यात वन शेकडा एकही भरत नाही, तेथे ही पाळी यावी हे आश्चर्य नव्हे; मराठवाड्याच्या माणसाला त्या गाडीचे छायाचित्र पाहून आलेली शरम मात्र विसरता येणार नाही.

झाड लावणे म्हणजे काय, ते मी तेथे शिकलो. औरंगाबादभोवतीच्या टेकड्यांवर वीतभर माती आणि खाली कातळासारखा मुरूम. पहारीचा घाव पडला की ठिणगी उडे. खड्डा उन्हाळ्यातच खणावयाचा, म्हणजे त्याच्या भिंतींना ऊन लागून कीड मरते. वरची काळी माती निराळी ठेवावयाची आणि भरताना तीच तळाशी, मुळांजवळ, घालावयाची. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालावयाचा. आणि त्याच्याही आधी टेकडीच्या माथ्यापासून सलग समतल चर काढीत यावयाचे, जेणेकरून पाणी धावत येणार नाही, चालत येईल. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून रोप लावू नये. माती कोपरापर्यंत ओली झाल्यावर लावावे. पिशवी फाडताना तळाशी वेटोळे झालेले मूळ कात्रीने छाटावे, नाहीतर ते झाड तीन वर्षे हिरवे दिसते आणि चौथ्या वर्षी एका वादळात आडवे होते. कडुनिंब, करंज, खैर, आपटा, सीताफळ, हिवर ही मुरमाला मानणारी झाडे. भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडांचा मोह पडतो, कारण तपासणीला येणाऱ्याला उंची दिसते.

पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात ती आषाढात. झाडाचे भवितव्य ठरते ते पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वैशाखात, जेव्हा टँकरचा पाइप खांद्यावर घेऊन, आळ्यातील वाळक्या गवताचे आच्छादन सारखे करीत, दुपारच्या झळांत पन्नाशीला आलेले माजी हवालदार टेकडी चढत असतात. सीमेवर बर्फात उभे राहिलेले ते पाय होते, पण त्यांतील एक जण मला म्हणाला, “साहेब, तिथं शत्रू दिसायचा तरी. इथं कुणाशी लढतोय ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.” त्याने लावलेले रोप जळले, म्हणजे तो दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

याच टेकड्यांवर एका शेळ्या राखणाऱ्या मावशींनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर माझ्याजवळ त्या वेळी नव्हते. चराईबंदीचा फलक लावून जवान उभे राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “झाडं जगावीत हे खरं, भाऊ. पण मह्या शेळ्यांनी कुठं जावं, ते बी त्या पाटीवर लिवा ना.” बंदी तीन वर्षांची असली तरी शेळीला रोज खावे लागते. मग जुन्या सुभेदार साहेबांची वाट धरली: कापून न्या, चारू नका. श्रावणापासून कार्तिकापर्यंत बाया विळे घेऊन येत आणि भारे नेत. मावशी तर कुंपणातील तूट आम्हाला आमच्या आधी दाखवून देत. हे सर्वत्र साधले असे म्हणता येणार नाही. जेथे आमच्या बाजूच्या माणसाचा स्वर हुकुमाचा राहिला, तेथे रात्री तार कापली गेली.

या अनुषंगाने के. के. रेंजभोवतीच्या गावांविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील ती गावे दशकानुदशके अधिसूचनेच्या छायेखाली जगत आली आहेत. मुदत संपते, वाढते, भूसंपादनाच्या वार्ता उठतात, आणि घराला पक्के छप्पर घालावे की नाही हे मनुष्याला ठरविता येत नाही. इंग्लंडात सॉल्झबरीच्या पठारावर १८९७ पासून सैन्याचा ताबा आहे, आणि पश्चिमोत्तर युरोपातील चुनखडीवरचे सर्वांत मोठे गवताळ रान त्यामुळेच आज शिल्लक आहे, असे तेथील निसर्गशास्त्रज्ञ अभिमानाने सांगतात. त्याच पठारावर इंबर नावाचे गाव होते. १९४३ च्या हिवाळ्यात युद्धाच्या सरावासाठी ते रिकामे करण्यात आले, आणि लोक पुन्हा कधीही राहावयास परत येऊ शकले नाहीत. चर्च अजून उभे आहे. मी सैनिक आहे. सरावाशिवाय सैन्य नाही हे मला कुणी सांगावयास नको. पण ज्या जमिनीवरील गवताचे आम्ही कौतुक करतो ती ज्यांची, त्यांना मोबदला वेळेवर, मुदत स्पष्ट आणि गवताचा पहिला हक्क मिळालाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता मी माहूरला असतो. येथे छावणी नाही, रेंज नाही. पैनगंगेपलीकडे आणि अलीकडे मिळून सव्वातीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपासचे अभयारण्य आहे, आणि दर फाल्गुन-चैत्रात धूर आहे. मोहाची फुले पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करण्याची जुनी पद्धत. सागाचे वाळलेले पान ढालीएवढे. ठिणगी एकदा त्यात गेली, की ती शेजारच्या डोंगरापर्यंत थांबत नाही. गोंड आणि कोलाम कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीत मोहाचा वाटा मोठा आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तो वेचण्याचा त्यांचा अधिकार मान्यही केला आहे. तेव्हा बंदीची भाषा येथे चालणार नाही आणि चालू नये. पलटणीत हुकूम दिला की काम होई. येथे पारावर बसून चार संध्याकाळी बोलावे लागते, आणि ते बोलणे बहुतेक वेळ मोहाच्या भावाविषयी असते.

तरी काही घडते आहे. जवळच्या एका पाड्यावर गेल्या चैत्रात झाडाखाली जुन्या साड्या आणि जाळी अंथरून फुले झेलण्याचा प्रयोग झाला. फुले स्वच्छ निघाली, माती लागली नाही, व्यापाऱ्याने किलोमागे थोडा अधिक भाव दिला, आणि त्या भागात वणवा लागला नाही. शेजारच्या पाड्यावरची मंडळी ते पाहून गेली. यंदा दिवाळीनंतर, गवत पुरते वाळण्याआधी, गायरान आणि राखीव वन यांच्या मधून जाळरेषा काढावयाचे ग्रामसभेने ठरविले आहे. वनपाल साहेबांनी आखणीला संमती दिली आहे, कापलेले गवत ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी वाटून घ्यावयाचे आहे, आणि जाळ्यांच्या खरेदीचा हिशेब बचत गटाच्या बाया ठेवणार आहेत. पळसाच्या डहाळ्या कशा धराव्यात आणि उलटी आग केव्हा लावू नये, एवढे पोरांना शिकविण्याचे काम माझ्याकडे आले आहे.